चार बोटांचा खो

माझ्या पाठीवर हात पडला आणि मी उठले.

उठले, उजवीकडं वळले, तीन ढांगांत समोरच्या पोरीपर्यंत पोचले, आणि तिला शिवणार एवढ्यात शिट्टी वाजली. ती मला ऐकू आली नाही, दिसली. आम्हा सगळ्यांच्या कानांत कापसाचे बोळे असायचे, त्यामुळं अक्काचे फुगलेले गाल बघायचे आणि थांबायचं, अशी आमची रीत होती.

मी वळून पाहिलं. मला खो देणारी नंदा दहा-बारा पावलं लांब, नदीकडच्या खांबाला धरून उभी होती आणि तोंडाचा आ करून माझ्याकडं बघत होती. मी ज्या चौकोनातून उठले त्याच्या मागं कुणीच नव्हतं. फक्कीची पांढरी रेघ होती आणि पलीकडं रिकामं मैदान होतं.

मी कानातला कापूस काढला.

"काय गं छबे, डोळा लागला हुता का?" नंदा ओरडली.

"कुणीतरी खो दिला मला."

"भुतानं दिला आसंल."

पोरी हसायला लागल्या. मीही हसले असते, पण अक्का माझ्याकडं चालत येत होती. खो मिळायच्या आधी उठणाऱ्या पोरीला ती मैदानाभोवती दहा फेऱ्या घालायला लावायची, मग त्या पोरीच्या अंगात ताप असला तरी. मी फेऱ्यांची तयारी करून कमरेवर हात ठेवले. अक्कानं मला खांद्याला धरून पाठमोरी केलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "किती बोटं हुती?"

"आं?"

"हाताची. पाठीला किती बोटं लागली? नीट आठवून सांग."

हा प्रश्न बाहेरच्या माणसाला येडपटासारखा वाटेल. खो-खोत आठजणी एका ओळीत बसतात, एकीचं तोंड इकडं, शेजारणीचं तिकडं. नववी पळते. ती मागून येऊन पाठीवर हात मारते, "खो" म्हणते, की बसलेली उठते आणि पळणारी तिच्या जागी बसते. वर्षानुवर्षं असं बसून आम्हाला पाठीनंच माणूस कळायचं. नंदाचा हात म्हणजे धपाटा. सुमनचा हात घामट, शालनच्या हातातली बांगडी टोचायची. त्यामुळं मी डोळे मिटले, आठवलं आणि सांगितलं, "चार."

अक्काच्या हातातला फक्कीचा डबा खाली पडला. तिनं तो उचललाही नाही. "आज बास," म्हणाली आणि चपला घालून घरी गेली. घड्याळात पावणेचारच वाजले होते. आम्ही सहापर्यंत खेळायचो.

ही एकोणनव्वद सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. येरळेच्या काठचं आमचं तांबखडी गाव पोरींच्या खो-खोसाठी चार तालुक्यांत ओळखलं जायचं, ते अक्कामुळं. अक्का म्हणजे अनसूया बागल. बहात्तरच्या दुष्काळाच्या साली तिची राज्याच्या संघात निवड झाली. खांबावर सूर मारून गडी टिपण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं म्हणे. चार वर्षं ती राज्याकडून खेळली, त्या जोरावर आमच्या हायस्कुलात खेळाची बाई म्हणून लागली, आणि पुढं तिनं गावच्या खेळ मंडळाचा संघ घडवला. लग्न केलं नाही. गावातल्या बायका तिच्या माघारी काहीबाही बोलायच्या आणि समोर आली की पदर सावरून उभ्या राहायच्या.

तिच्या दोन खोडी आम्हाला ठाऊक होत्या. पहिली म्हणजे कापूस. "तोंडाचा काय भरवसा न्हाई," ती म्हणायची. "गर्दीतलं कुनीबी खो म्हनून वराडतंय आन् तुमी येड्यागत उठताय. हात खोटं बोलत न्हाई. हात लागला की उठायचं." म्हणून सरावाला कान बंद. दुसरी खोड म्हणजे मैदानाच्या उगवतीला गोजरामावशीचं घर होतं, त्या बाजूनं अक्का कधी जायची नाही. फक्की मारतानासुद्धा त्या कडेची रेघ ती आमच्यापैकी कुणाला तरी मारायला लावायची. गोजरामावशी दिवसभर उंबऱ्यात बसून आमचा खेळ बघत असायची. बोलायची नाही. आम्हाला वाटायचं, बांधावरून काहीतरी भांडण असणार.

त्या साली माझ्यापुढं मोठा पेच होता. माझं वय एकोणीस. आबांची पिठाची गिरणी होती, आणि विट्याच्या एका स्थळाला त्यांनी जवळजवळ शब्द दिला होता. मुलगा वाईट नव्हता. पण मला खेळायचं होतं. राज्याच्या संघात निवड झाली की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागायची, हे आम्ही अक्काकडं बघूनच शिकलो होतो. मी चार दिवस जेवले नाही, तेव्हा आबा म्हणाले, "हे बघ छबू. मार्चात जिल्ह्याची फायनल हाय. निवड झाली तर तुझं तू बघ, मी विट्याला न्हाई म्हनून सांगतो. न्हाई झाली तर वैशाखात मांडव. मग रडायचं न्हाई."

"न्हाई रडनार," मी म्हणाले.

आबांचा शब्द म्हणजे शब्द होता, दोन्ही बाजूंनी.

आमच्या संघातून एकच पोरगी घेणार, हे जिल्ह्याहून आधीच कळलं होतं. नंदा किंवा मी. नंदा पाटोळे आमची कप्तान. तिच्या घरी कोरडवाहू दोन एकर आणि धाकट्या तीन बहिणी. तिला नोकरी माझ्यापेक्षा जास्त हवी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण अशा वेळी आपलं ते आपलं असतं.

दुसऱ्या दिवशी अक्का नेहमीसारखी आली, नेहमीसारखी ओरडली. मी चौथ्या चौकोनात बसले. ऊन पाठीवर होतं. तासभर सगळं ठीक चाललं आणि मग पाठीवर हात पडला. गार, कोरडा हात. रणरणत्या उन्हात माठाला पाठ लागावी तसा. मी दात आवळून बसून राहिले आणि हळूच मान वळवली. नंदा पार पलीकडच्या खांबाजवळ होती.

अक्का माझ्याकडं बघत होती.

तिसऱ्या दिवशी तिनं मला सातव्या चौकोनात बसवलं आणि चौथ्यात सुमनला. सुमनला काही झालं नाही. मला सातव्यातही हात लागला. त्या वेळी मी उठले, न राहवून. पोरी हसल्या नाहीत. शालननं घरी जाताना मला विचारलं, "छबू, तुला बरं न्हाई का?" आणि माझ्याशेजारी चालायची सोडून दोन पावलं पुढं चालायला लागली.

चार दिवसांत मी पाठ टेकल्याशिवाय कुठं बसेनाशी झाले. जेवताना भिंत, देवळात खांब. आई म्हणाली, "पोरीला लग्नाची धास्ती घेतली." रविवारी भर दुपारी मी अक्काच्या घरी गेले. ती जोंधळे निवडत बसली होती, आणि तीही भिंतीला पाठ लावूनच बसली होती. हे माझ्या तेव्हाच पहिल्यांदा ध्यानात आलं.

"अक्का, तो हात कुनाचा हाय?" मी उभ्याउभ्याच विचारलं.

तिनं सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, हाकलून देईल. ती उठली, आणि ट्रंकेतून एक फोटो काढून माझ्यापुढं धरला. नऊ पोरी दोन ओळींत उभ्या. वेण्या वर बांधलेल्या, सगळ्यांचे हात समोर जोडलेले. एका टोकाच्या बारीक पोरीनं मात्र उजवा हात पाठीमागं घेतला होता.

"ही पारू. गोजराबाईची," अक्का म्हणाली. "ल्हानपनी कडबाकुट्टीत करंगळी गेली तिची. फोटोत हात लपवायची. खेळताना न्हाई लपवायची. तिच्यागत पळनारी मी अजून बघितली न्हाई."

"मग?"

"बहात्तरच्या फायनलला घसा धरला हुता तिचा. ताप हुता. तशीच खेळली. तिसऱ्या दिवशी गेली."

"आन् ती मला का हात लावती?"

"मला काय ठाऊक." ती खाली बघून जोंधळ्यातले खडे वेचायला लागली. तिथं खडे नव्हते. मग म्हणाली, "आजपास्नं कापूस बंद. हात लागला तरी उठू नगंस. तोंडानं खो आला तरच ऊठ. ऐकलंस?"

"सात वर्सं तुमी उलटं शिकवलंय."

"शिकवलं आसंल. आता हे शीक."

घरी येताना मी गोजरामावशीच्या दारावरून आले. ती उंबऱ्यात बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, माझ्या मागं बघितलं. जशी कुणी बरोबर चालत असावी. मी घरापर्यंत पळत सुटले.

फायनल मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, जिल्ह्याच्या गावी. सकाळी उपांत्य सामना झाला तो आम्ही आरामात जिंकला. त्यात खांबावर सूर मारताना नंदाची करंगळी दुखावली. अक्कानं आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि करंगळी शेजारच्या बोटाला घट्ट बांधून टाकली. मी शेजारीच पाणी पीत उभी होते. सगळं डोळ्यांदेखत झालं, पण माझं ध्यान माझ्या पाठीकडं होतं.

समोर साखर कारखान्याचा संघ. त्यांच्या पोरी दूध-अंडी खाऊन आलेल्या, आम्ही भाकरी-पिठल्यावर. तरी आम्ही शेवटच्या पाळीपर्यंत गुणांना गुण लावून होतो. शेवटची पाळी आमच्या आक्रमणाची. बरोबरी झालेली. सामना बरोबरीत सुटला तर पहिल्या डावात पुढं असलेला संघ जिंकणार असा त्या स्पर्धेचा नियम होता, आणि पहिल्या डावात कारखाना पुढं होता. म्हणजे आम्हाला एक गडी हवा होता. फक्त एक.

भर दुपारचे बारा. मैदानाभोवती माणसांची भिंत. कारखान्यानं ट्रक भरून माणसं आणली होती आणि ती पत्र्याचे डबे बडवत होती. मी चौथ्या चौकोनात बसले होते. कानात कापूस नव्हता, पण त्या गदारोळात कापूस असता तरी काही फरक पडला नसता. नंदा पळत होती. कारखान्याची एक उंच पोरगी तिला गुंगारा देत आमच्या ओळीतून आत-बाहेर करत होती. मला नंदा दिसत नव्हती, ती पोरगी दिसत होती. ती माझ्यासमोर आली. दमली होती. एक क्षण ती गुडघ्यांवर हात ठेवून थांबली. माझ्यापासून दोन हातांवर. मी उठून हात लांब केला असता तर ती बाद होती.

आणि पाठीवर हात पडला.

मी बोटं मोजली. दुसरं काही मला सुचलंच नाही. एक, दोन, तीन, चार.

मी कान टवकारले. डब्यांचा आवाज, माणसांचा आवाज. खो नाही. हात पुन्हा पडला, जोरात. चार बोटं. मी बसून राहिले. घाम डोळ्यांत जात होता, आणि मी स्वतःला सांगत होते, उठू नकोस छबू, ही ती आहे. समोरची पोरगी दम खाऊन निघून गेली. मग लांब शिट्टी वाजली. कारखान्याची माणसं मैदानात घुसली.

मी मान वळवली. मागं नंदा उभी होती.

तिचा हात अजून पुढंच होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चिंधीत एक झालेली. चार बोटांचा हात.

"का उठली न्हाईस?" तिचा आवाज घोगरा झाला होता, जेमतेम फुटत होता. "दोनदा खो दिला. दोनदा वराडले मी. का उठली न्हाईस गं?"

मी मागं सरकत सरकत खांबाला जाऊन टेकले. गर्दी गोळा झाली. आमच्या गावची चार माणसं आली होती, ती नंदावरच घसरली. कुणी म्हणालं, पोरीनं खो दिलाच नाही, नुसतीच उभी राहिली. पंचांना विचारलं तर ते म्हणाले, शब्द आम्हाला ऐकू आला नाही, हात लागला की नाही ते मधल्या पोरींमुळं दिसलं नाही. नंदा एकेकाला धरून सांगत होती, आणि तिच्या घशातून आवाज निघत नव्हता. लोकांना ती नुसते ओठ हलवताना दिसत होती.

तेवढ्यात निवड समितीतले जाड चष्म्याचे एक गृहस्थ वही घेऊन आले. आमच्या दोघींत एक जागा आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी शांतपणे मला विचारलं, "मुली, तुला खो मिळाला होता का?"

माझ्या आणि त्यांच्या मध्ये अक्का येऊन उभी राहिली. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"न्हाई म्हन," ती म्हणाली. "न्हाई मिळाला म्हन. पुढचं मी बघते."

तिनं ते इतक्या सहज म्हटलं की मला तिच्याकडं बघावंच लागलं. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून असं निघत नाही. ते वाक्य तिच्या तोंडात आधीपासून होतं, झिजून गुळगुळीत झालेलं. तिच्या खांद्यावरून मला नंदा दिसत होती. नंदा आता बोलायची थांबली होती. हातातली चिंधी सोडत होती.

विट्याचं स्थळ, आबांचा शब्द, वैशाखातला मांडव, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. खोटं नाही सांगत, "न्हाई" हा शब्द माझ्या जिभेवर आला होता.

"मिळाला हुता," मी म्हणाले. "हात लागला. दोनदा लागला. मीच उठले न्हाई."

"का उठली नाहीस?"

"माझी चूक झाली."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. अक्का मटकन खाली बसली. आणि माझ्या पाठीला हलकेच काहीतरी लागलं. गार आणि कोरडं. चार बोटं, एकदाच, लहान पोराची पाठ थोपटावी तशी. मागं लाकडाचा खांब होता आणि मी त्याला पाठ घट्ट लावून उभी होते. मध्ये हात शिरायला जागा नव्हती.

त्यानंतर तो हात मला पुन्हा कधी लागला नाही.

परतीच्या एसटीत अक्का पुढच्या बाकावर ताठ बसली होती, पाठ न टेकता. गावात उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. पोरी आपापल्या वाटेनं पांगल्या. अक्का मला म्हणाली, "छबू, तू ये माझ्यासंगं," आणि ज्या वाटेनं ती सतरा वर्षांत गेली नव्हती त्या वाटेनं चालायला लागली.

गोजरामावशी उंबऱ्यातच होती. अक्का तिच्यासमोर उभी राहिली. खेळाच्या सामानाची पिशवी तिच्या खांद्यावर तशीच होती.

"मावशी, पारूनं खो दिला हुता."

म्हातारीनं वर बघितलं.

"बहात्तर साली. मला दिला हुता. मला हात कळला. तिचा घसा गेलेला, सबूद फुटला न्हाई. मी सबदाची वाट बघत बसून ऱ्हायले आन् मॅच गेली. मग साहेबांनी मला इचारलं, खो मिळाला का. मी म्हनाले, न्हाई. पारूनं दिलाच न्हाई." अक्का एका दमात बोलत होती. "दोघीत एकच जागा हुती. तिला बोलता येत न्हवतं. मला घेतलं. तुमची पोर मॅच घालवनारी म्हनून गेली, मावशी. आन् मी तिच्या जागंवर भाकरी खाल्ली."

मी माझ्या पिशवीचा बंद धरून उभी होते.

गोजरामावशीनं उंबऱ्यावर हात टेकला. मग तिनं नुसतं विचारलं, "हातानं दिला हुता?"

"व्हय."

"पाठीवर?"

"व्हय."

"मग आत्ता कळलं," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "घरी आनली तवा बोलता येत न्हवतं तिला. मला हातानं ढकलून पाठमोरी बसवायची, आन् पाठीवर हात मारायची. चार बोटांनी. मारायची आन् माझ्या तोंडाकडं बघायची. परत बसवायची, परत मारायची. दोन दिस, दोन रात्री. मला वाटलं, ताप डोक्यात गेला पोरीच्या. मी तिचा हात धरून ठिवायची. शेवटाला तर हात बांधून ठिवला गं मी." ती थांबली. "ती सांगत हुती व्हय."

अक्कानं पिशवी खाली ठेवली. म्हातारीकडं पाठ केली आणि तिथंच अंगणात बसली, चौकोनात बसतात तशी, एक पाय मागं, बोटं जमिनीला टेकलेली. मान खाली घालून बसून राहिली. समोर आमचं मैदान होतं, आदल्या दिवशी मारलेली फक्की विस्कटलेली.

मला वाटलं, म्हातारी आता तिला मारील. तिनं मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती उंबऱ्याला धरून उठली, दोन पावलं पुढं आली, आणि अक्काच्या पाठीवर हात ठेवला.

"ऊठ आता," ती म्हणाली.

अक्का उठली.

वैशाखात माझं लग्न झालं. मी रडले, आबांना दिलेला शब्द मोडून, भरपूर रडले. पण नवरा भला निघाला, आणि थोरली सहा वर्षांची झाल्यावर आम्ही तांबखडीलाच राहायला आलो. नंदा राज्याकडून खेळली, पोलिसात लागली, फौजदार झाली. यात्रेला येते तेव्हा माझ्याशी अजून त्या सामन्यावरून भांडते. "तुझ्या जागी मी आसते तर न्हाई म्हनाले आसते," असं दरवेळी सांगते. खरं असेल. गोजरामावशी जाईपर्यंत अक्का तिच्याकडंच राहिली. लोक काय बोलायचे ते बोलले. अक्कानं ते सगळं ऐकून घेतलं, आणि थकली तेव्हा शिट्टी माझ्या हातात दिली.

आता वीस वर्षं मी संघ बघते. आमच्याकडं कापूस नसतो. हात आणि शब्द, दोन्ही लागतात, असं मी पोरींना सांगते. एकावर भागत नाही. उगवतीच्या कडेची फक्की मी स्वतः मारते. आणि नवी पोरगी आली की पहिल्या दिवशी तिला चौथ्या चौकोनात बसवते. तिला खो मिळाला, ती उठली, पळून आली, की जवळ बोलावते आणि विचारते, "किती बोटं हुती?"

पोरी आधी गोंधळतात. मग आठवून सांगतात, पाच.

आजवर सगळ्यांनी पाचच सांगितली आहेत. चांगलंच आहे ते. तरीही मला दरवेळी थोडं वाईट वाटतं.